बीडचे पाहुणे समुद्रावर

आता बदली होऊन आष्टी तालुक्यात आलोय, तरी शाळेत मधल्या सुट्टीचा चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "सर, ते समुद्राचं सांगा ना!" ते समुद्राचं म्हणजे काही एक गोष्ट नाही. आम्ही तिघं बीडचे आठ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर होतो. मी कडा गावाकडचा, बालाजी उमापूरचा आणि रेखा मॅडम लिंबागणेशच्या. बीडमध्येच नोकरी लागली असती तर आमची ओळखसुद्धा झाली नसती. तिथं मात्र भावकी झाली.

आम्ही राहायचो ते गाव एका अर्धगोल उपसागराच्या काठावर. तीन बीच, नगरपरिषदेच्या दोन बागा, मधे सुरूचं बन. गावाकडून येणारा पाहुणा हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणणार, "चल, समुद्र दाखव!" जसा काही आम्ही तो सातबाऱ्यावर लावून घेतलाय! पाहुणा दोन दिवसांत परत जायचा. किस्सा मात्र आमच्याकडेच मुक्कामाला राहायचा.

* * *

मी हजर झालो तो जानेवारी महिना. संध्याकाळी एकटाच बीचवर गेलतो. आमच्याकडच्या थंडीतून आलेला माणूस, पँट दुमडून भीत भीत पाण्यात पाय घातला तर पाणी कोमट! तिथूनच आईला फोन लावला. मी निघाल्यापासून आई धड जेवत नव्हती, फोनवर नुसती रडायची.

"आई, इथला समुद्र गरम हाय."

आईचं रडणं थांबलं. मग म्हणाली, "एवढं पाणी तापवतंय कोण रे?"

मी हसायला लागलो. माझं ऐकून तीपण हसली. मग नाक ओढत म्हणाली, "बरं झालं बाबा. तुझ्या आंघोळीची तरी आबाळ न्हाई."

त्या रात्री ती जेवली, असं धाकट्या भावानं सांगितलं.

* * *

बालाजी विहिरीत पोहायला शिकलेला. पंचवीस परस खोल विहिरीत वरून सूर मारायचा, हे आम्ही त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की विहीर आम्हालाही पाठ झाली होती. पहिल्याच रविवारी साहेब शर्ट काढून समुद्रात. दुसऱ्या लाटेनं त्याला उचललं आणि वाळूवर असं आपटलं की जीवरक्षक शिट्टी वाजवायची विसरून हसत सुटला.

नाकातोंडात वाळू, ढोपर सोललेलं. माझ्याकडं बघून म्हणाला, "विहीर गप पडून असती बे! हे तर धरून हाणतंय!"

* * *

बालाजीचे वडील म्हणजे बापू. पोराचा मुलूख बघायला म्हणून आले. संध्याकाळी त्यांना बागेत नेलं, तेव्हा भरती होती. पाणी बागेच्या पायऱ्यांना लागलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नेलं तर पाणी पार लांब गेलेलं आणि वाळूवर पोरं क्रिकेट खेळतायत.

बापू दचकले. "पाणी कुणी सोडून दिलं?"

"सोडलं न्हाई बापू, ओहोटी हाय. संध्याकाळी परत येतंय."

"किती वाजता?"

बालाजीनं जीवरक्षकाला विचारून सांगितलं, साडेसहाच्या पुढं. बापू पाच वाजताच पायरीवर जाऊन बसले. आम्ही भजी आणली, ती हातात तशीच गार झाली. डोळे पाण्यावर आणि मनगटावरच्या घड्याळावर. पावणेसातला पहिली लाट पायरीला लागली, तसे बापू उठून उभे राहिले.

"आलं! कॅनॉलचं पाणी येतंय येतंय म्हणत माझा बाप वर गेला. हे बघा, न बोलावता आलं!"

मग त्यांनी विचारलं, "उद्या कधी?"

"उद्या पाऊण तास उशिरा, बापू. रोज तेवढं पुढं सरकतं."

बापूंनी समुद्राकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी ते सोयरीक जुळवताना मुलाकडच्यांवर टाकत असतील. "उशीर हुणार म्हणून आदी सांगतंय! भला माणूस हाय."

* * *

माझे चुलते अण्णा आमच्या गावचे सरपंच. गावात त्यांचा चहा कधी गरम संपलाच नाही. घोट घेतला की कुणीतरी येतं, रस्ता, रेशन, भांडण, पोरीचं लग्न. ते स्कॉर्पिओ घेऊन एकटेच आले. काकूंनी मला आधीच फोन करून सांगितलं होतं, "त्यांना झोप न्हाई रे म्हैनाभर. तिथं तरी निजू दे."

अण्णांना बागेतल्या बाकावर बसवलं. समोर उपसागर, वर सुरूची झाडं, अंगाला गरम वारा. पांढऱ्या कपड्यातला माणूस बघून गावाकडं चार जण उठून उभे राहिले असते. इथं लोक आइस्क्रीम खात समोरून निघून जात होते.

अण्णांनी पाय लांब केले. "इथं मला कुणीच वळखत न्हाई रे," म्हणाले आणि डोळे मिटले.

मी घरी जाऊन भात लावला, कपडे वाळत घातले. दोन तासांनी परत गेलो तर अण्णा बाकाच्या कडेला सावरून बसलेले. टोपी सरळ केलेली. येणाऱ्या जाणाऱ्याला नमस्कार घालत होते. एकानं उलट केला, बाकीच्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मला बघून म्हणाले, "इथं मला कुणीच वळखत न्हाई रे!"

वाक्य तेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली.

* * *

रेखा मॅडमची मुलगी आरू लिंबागणेशला आजीजवळ. मॅडमचे मिस्टर बीडला नोकरीला, इथं मॅडम एकट्या, शाळा डोंगरात. लेकरू सांभाळायला माणूस नाही. म्हणून दीड वर्षाच्या आरूला तिकडं ठेवलेलं. आई तिला भेटायची दिवाळीत आणि उन्हाळ्यात.

आरू साडेचार वर्षांची झाली तेव्हा आजी तिला घेऊन पहिल्यांदा इकडं आली. आम्ही सगळे बीचवर गेलो. मॅडमच्या शाळेतली सात-आठ पोरंही त्या दिवशी डोंगरातून उतरून तिथं खेळायला आली होती. ती सगळी येऊन मॅडमना चिकटली. "बाई, माझा किल्ला बघा!" "बाई, ह्याने माझा शंख घेतलान!" मॅडम एकेकाचं ऐकत होत्या, कुणाचं नाक पुसत होत्या.

आरू जरा लांब उभी राहून बघत होती. मग हळूच आली. मॅडमच्या पदराला धरलं आणि म्हणाली, "बाई, माझा पण किल्ला बघा ना."

आजीनं पटकन तोंड फिरवलं. मॅडम हसल्या. किल्ला बघितला, छान झालाय म्हणाल्या, त्यावर एक शिंपला खोचला. मग पाण्याकडं गेल्या आणि ओंजळीनं तोंडावर पाणी मारत राहिल्या. खारं पाणी. बराच वेळ.

त्याच जूनमध्ये त्यांनी आरूला इकडंच बालवाडीत घातलं. डोंगराखालच्या वाडीत खोली घेतली, शेजारच्या काकींना हाताशी धरलं. पुढच्या वर्षी त्यांना बदली मिळणार होती, ती लांबली, आणखी तीन वर्षं लागली. पण मॅडमनी त्याबद्दल परत कधी तक्रार केली नाही.

* * *

शेवटच्या वर्षी बालाजीचे मामा आले. मामा मेंढपाळ. उभा जन्म माळावर गेलेला. बोलणं जवळजवळ नाहीच. समुद्र दाखवला तर "हं" म्हणाले. आम्ही तिघं बागेच्या कठड्यावर बसलो. मामा खाली वाळूत उकिडवे, काठी खांद्याला टेकवलेली.

रविवारची दुपार होती. समोर कुठल्यातरी कॉलेजच्या मुलींची सहल उतरली होती. सगळ्यांना सारखे पिवळे टी-शर्ट. गुडघाभर पाण्यात एकमेकींचे हात धरून किंचाळणं, हसणं चाललेलं. त्यांच्या मॅडम वाळूवर उभ्या राहून मोबाईलवर शूटिंग करत होत्या.

अर्धा तास गेला असेल. मामा एकदम उठले. "बाळू, एक कमी हाय."

"काय कमी हाय, मामा?"

"पिवळी. एकुणतीस व्हती. अठ्ठावीस हायेत."

बालाजी म्हणाला, "वर गेली असंल कुणी, कपडे बदलायला."

"वर एकबी आली न्हाई. माझ्या म्होरूनच यावं लागतंय."

असं म्हणून मामा पळत सुटले. पोहता येत नसलेला माणूस, धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात जाऊन काठी हवेत फिरवून ओरडायला लागला. जीवरक्षकाला वाटलं, म्हातारं मजा करतंय. तोवर बालाजी त्याच्या मचाणाखाली पोचला होता. जीवरक्षकानं दुर्बीण लावली. डावीकडं खडकांच्या पलीकडं, पाण्याच्या ओढीत एक डोकं वर-खाली होत होतं. तो ट्यूब घेऊन धावला.

बाकीच्या मुली अजून हसतच होत्या. त्यांना काही माहीतच नव्हतं. बाहेर काढलेली मैत्रीण बघितली आणि हसणं जागच्या जागी बंद पडलं.

मुलीला पालथं घातलं. पाणी बाहेर आलं, खोकला आला, मग रडणं आलं. ते रडणं ऐकून रेखा मॅडम तिच्याजवळ बसून तिची पाठ चोळायला लागल्या.

कॉलेजच्या मॅडम धावत आल्या. तोंड पांढरं पडलेलं. कुणीतरी मामांकडं बोट दाखवलं. त्या सगळ्यांसमोर वाळूत गुडघे टेकून मामांच्या पायाशी वाकल्या.

मामा दोन पावलं मागं सरकले.

"पाया नका पडू, बाई. आदी बाकीच्या मोजा."