वासितीचा माड

नेतानीबद्दल आमच्या बेटावरच्या नावुनिवाई गावात कुणी वाईट बोलत नाही. चांगलंही बोलत नाही. तो जनरेटरवाला. संध्याकाळची प्रार्थना उरकली की पत्र्याच्या खोपटात जायचं, डिझेल ओतायचं, हँडल मारायचं, गावाला उजेड द्यायचा. लोक जेवूनखाऊन चटया पसरायला लागले की बंद. त्या धडधडीशेजारी बसून बसून त्याचा डावा कान गेला. बाकी काय काय गेलं ते कोण विचारतंय!

एकुलती एक पोर, वासिती, ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला गेली तेव्हा धक्क्यावर अख्खं गाव रडलं. नेतानी रडला नाही. "दगड आहेस की काय?" असं कुणीतरी म्हणालं, तर हा म्हणतो, "डिझेलची पिंपं उतरवायचीत." तेव्हापासून तसाच आहे. दुःखी म्हणावं तर दुःखीही नाही. एका जागी बसून पाय झोपतो ना, तसं त्याचं मन झोपलं होतं.

अशात राजधानीहून, सुव्याहून सरकारची माणसं आली. डिझेल बंद करायचं, उन्हावर वीज करायची, तीही रात्रंदिवस. विजेवर बर्फाचं मशीन चालेल, मासळी ताजीच्या ताजी बाजारात जाईल, बायकांना खोबरेलाचा घाणा मिळेल. गाव खूष झालं, आणि का होऊ नये? समुद्र हल्ली चर्चच्या पायरीला लागतो. जगाच्या मानानं आम्ही धूर तो केवढा केला! पण तो थांबवायचा मान मात्र आधी आम्हाला. असू दे. बर्फ मिळतंय ना!

ऊन धरणाऱ्या काचांच्या रांगा लावायला जागा हवी होती ती नेतानीच्या भावकीची. थोरला भाऊ वारल्यापासून भावकीचा थोरला हाच. पाहुणे रीतीला धरून आले, हे त्यांचं बरोबरच. चटया अंथरल्या, यांगोनाच्या मुळ्या कुटून केलेल्या पेयाचा वाडगा फिरला आणि त्यांच्या वतीनं बोलणाऱ्यानं देवमाशाचा दात पुढे धरून लांबलचक मागणं मांडलं. दात दोन्ही हातांनी घ्यायचा, हुंगायचा आणि स्वीकारला म्हणायचं. एकदा घेतला की मागितलेलं द्यावं लागतं. परत करणं म्हणजे भावकीनं गावात तोंड दाखवायला नको.

नेतानीचं चित्त होतं खोपटात. टाकीचं झाकण लावलं की नाही, हेच त्याला आठवेना. "चर्चपासून झऱ्यापर्यंतचा सगळा उतार, वरच्या झाडांसकट," असं तो माणूस बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांना वाटलं, नेतानीनंही ऐकलं. त्यानं दात घेतला, हुंगला आणि "स्वीकारला" म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या आठवड्यात उतारावर लाल दोऱ्याच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. नेतानीची बायको आरिएता कपडे धुवायला निघाली होती. तिनं टोपली तिथंच टाकली.

"वासितीचे बाबा! अहो, माड खुंट्यांच्या आत आलाय!"

आमच्यात मूल जन्मलं की त्याची नाळ पुरतात आणि वर माड लावतात. तो माड त्या मुलाचा. बापाचा नाही, भावकीचा नाही. वासिती गेल्यावर आरिएता त्या माडाखाली जाऊन बसायची, शेंगा सोलायची, त्याच्याशी बोलायचीसुद्धा. माड उभा आहे तोवर पोर परत येणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. आता त्याची सावली काचांवर पडणार होती आणि वरून नारळ पडला की काच गेलीच.

"तुम्ही दात घेताना झोपला होता का?"

"नाही," नेतानी म्हणाला.

"मग?"

"घेतला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. भांडला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

गावाचा कारभारी इसिकेली हा नेतानीचा मामेभाऊ. आमच्याकडे मामेभावाला टिंगलीचा हक्कच असतो आणि हा तो पुरेपूर वसूल करतो. "काय जनरेटरवाले! नोकरीही गेली, कानही गेला, आता डोकंही दिलंत वाटतं सरकारला?" मग जवळ बसून म्हणाला, "अरे शहाण्या, दात तू घेतलास. पण माड तुझा कुठाय? माड पोरीचा. तिनं नाही म्हटलं तर दात काय, अख्खा देवमासा आणला तरी चालायचं नाही."

सुव्याचा इंजिनिअर रोहितेशही तेच म्हणाला. पोरगा सरळ होता. "काका, मालकीण नको म्हणाली तर मी दोन रांगा खाली सरकवतो. पण सामान घेऊन बार्ज यायच्या आत सांगा. खांब एकदा गाडले की माझ्या हातात काही नाही."

म्हणजे सगळं वासितीच्या एका शब्दावर आलं. रविवारी चर्च सुटल्यावर नेतानी टोकावरच्या खडकावर गेला. फोनला तिथंच रेंज येते. चढ आरिएताच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून ती खालीच थांबली. "नको म्हणायला सांगा तिला," ती मागून ओरडली.

"ता!" बापाला ती 'ता' म्हणायची. वासितीचा आवाज दमलेला होता. "कसा आहेस?"

"बरा. माडाचं विचारायचं होतं."

"कुठला माड?"

"तुझा."

पलीकडे कुणी म्हातारी तिला हाका मारत होती. वासिती तिला काहीतरी म्हणाली आणि परत फोनवर आली. "हां, तो होय! झऱ्याजवळचा?"

"झऱ्याजवळचा नाही. वरचा. नीरफणसाशेजारचा."

"हो, हो. त्याचं काय?"

त्यानं सगळं सांगितलं. काचा, सावली, दात, दोन रांगा. तू नको म्हणालीस तर राहतो, असंही सांगितलं. ती हसली.

"तोडा की, ता! दिवसरात्र लाईट आली तर तुमचे चेहरे तरी दिसतील मला फोनवर." मग म्हणाली, "माझ्यासाठी काही ठेवू नका रे. माझं इथं कायमचं राहायचं पक्कं होतंय. आईला मी सांगेन सावकाश. तू आत्ता बोलू नकोस."

"बरं."

"रागावलास?"

"नाही."

आणि खरंच तो रागावला नव्हता. त्यानं आत चाचपून पाहिलं. काहीच हाताला लागलं नाही. दुसरा कुणी असता तर खाली येऊन बेलाशक म्हणाला असता, पोरगी नको म्हणते. कोण जाणार होतं ऑस्ट्रेलियाला खातरी करायला? नेतानीला हे सुचलं नाही असं नाही. पण त्यासाठी अंगात काहीतरी पेटावं लागतं. तो खाली आला आणि म्हणाला, "तोड म्हणाली."

आरिएता वळली आणि एकटीच घरी गेली.

माड त्यानं स्वतःच तोडला. इसिकेली कुऱ्हाड मागायला आला, त्यालाही दिली नाही, आणि इसिकेलीनं त्या दिवशी एकही विनोद केला नाही. माड पडल्यावर नेतानीनं शेंड्यातला पांढरा गाभा काढला. माड पडला की त्याचा गाभा वाया घालवायचा नसतो. निम्मा वाटला, निम्मा घरी आणला.

आरिएतानं तो नारळाच्या दुधात शिजवला आणि दोन ताटल्यांत वाढला. नेतानी खायला लागला. चव अशी काही लागली नाही. ती मात्र ताटलीला हात न लावता बसून होती.

"रडली का ती?" तिनं विचारलं.

नेतानीचा हात थांबला.

"सांगा ना. माड तोडायचा म्हटल्यावर रडली?"

"रडली," तो म्हणाला. "बोलवेना तिला."

आरिएतानं डोळे पुसले. मग एक तुकडा उचलून तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"मग येईल," ती म्हणाली. "एवढी रडली म्हणजे येईल."

"येईल," नेतानी म्हणाला, आणि आपल्या ताटलीतलं उरलेलं त्यानं तिच्या ताटलीत वाढलं.