शाळेच्या फाटकासमोरचं घर

ये गं, जवळ बस अशी. तू ड्रेस्डेनला आणि मी इंगोलश्टाटला, तेव्हा मनानेच बस. पण आधी मला रागावू दे. माझी सख्खी भाची घर घ्यायला निघते आणि ते मला तिसऱ्याच्या तोंडून कळतं, हे काय गं? वर म्हणे, तूही शाळा बघून घर शोधते आहेस. मग आमच्या जावयांची गोष्ट तुला ऐकावीच लागेल. अख्ख्या जर्मनीत घराकडे पाठ करून घर बघणारा माणूस एकच, आणि तो देवाने नेमका माझ्या लेकीला दिला.

तुला ठाऊक आहे, जावई गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. गाडीचं दार लावताना आवाज कसा यावा, हे बघणं त्यांचं काम. त्यामुळे कुठेही गेले की आधी दाराला कान लावणार, दार लावणार, उघडणार, पुन्हा लावणार. एवढा बारकाईचा माणूस, पण घर बघायला गेलो की सगळी बारकाई उंबऱ्याबाहेर! दलाल बाई सांगायची, हा दिवाणखाना, ही बाल्कनी. हे तोंडाने ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’ म्हणत खिडकीतून मान बाहेर काढून शाळेचं छप्पर दिसतंय का ते शोधायचे. तळघरात ओल येते का, स्वयंपाकघरात उजेड आहे का, हे सगळं विचारायचं लेकीने. इथे चौथी झाली की मुलांची वाटणी होते बघ. मार्क चांगले असले तर गिम्नाझिउम, म्हणजे पुढे सरळ विद्यापीठ. त्याच्या खाली रेआलशूले, आणि आणखीही एक प्रकार आहे. आमची नात चौथीत, आणि जावयांच्या डोक्यात एकच: घर घ्यायचं ते गिम्नाझिउमच्या दारात.

शाळाही नुसती ऐकीव माहितीवर पसंत करायची नाही. शाळा भरायच्या वेळी समोर उभं राहून मुलं बघायची. लाल दिवा असताना थांबतात का, सायकली नीट लावतात का, पाठीवर वाद्यांच्या पेट्या किती जणांच्या आहेत. आणि सोबत मी! “आई, एकटा पुरुष शाळेसमोर उभा दिसला की लोकांना शंका येते. तुम्ही शाल घेऊन बाकावर बसा.”

“अहो, थंडी किती आहे बाहेर!”

“म्हणून तर शाल म्हणालो.”

मी बसायची. माझी स्वतःची शाळा सातवीत सुटली, तेव्हा शाळेसाठी थंडीत बसायला मी नाही कुठल्या तोंडाने म्हणू? एकदा शाळेचा शिपाई बाहेर आला आणि काय हवंय म्हणून अदबीने विचारू लागला. जावयांनी विचारून घेतलं, या रस्त्यावरच्या मुलांना आधी घेता ना? तो हसला. म्हणाला, घर कुठेही असू द्या, मार्क हवेत. परतताना जावई मला हे मराठीत सांगतात आणि वर समजावतात, “वरवर असंच सांगायचं असतं, आई. आतून अंतर बघतातच.” घरी आल्यावर लेक चिडून म्हणाली, “अरे, हे पुणं नाही!” तर म्हणतात, “शाळा सगळीकडे शाळाच असते.”

हसू नकोस. पुण्यात त्यांच्या वडिलांनी खरोखरच तसं केलं होतं. नावाजलेली शाळा जवळच्या मुलांना आधी घ्यायची, म्हणून हवेशीर मोठं घर सोडून शाळेमागच्या बोळात एका खोलीत संसार आणला. स्वतः रोज पिंपरीपर्यंत सायकल मारत गेले, गुडघे गेले तरी बोलले नाहीत. मुलाला प्रवेश मिळाला, मुलगा इंजिनिअर झाला. बापाने आपल्यासाठी केलं ते आपण लेकीसाठी करायचं, एवढंच त्यांच्या मनात. या माणसावर रागवायचं तरी कसं?

तर शेवटी सापडलं तसं घर. समोर गिम्नाझिउमचं फाटक, आणि हॉलमध्ये दुपारीसुद्धा दिवा लावावा लागेल असा अंधार. कागदावर सह्या करायचा दिवसही ठरला. आणि त्याच आठवड्यात नातीच्या वर्गातल्या बाईंनी आईबापांना बोलावून शांतपणे सांगितलं, हिला रेआलशूले बरी. जर्मन लिहिताना गडबडते, घाई केली की रडते.

जेवताना जावई सुरू झाले. अशा मुलांना गिम्नाझिउममध्ये काही दिवस वर्गात बसवून पारखतात, तिथे हिला बसवू, रोज अभ्यास घेऊ, घर तर समोरच आहे. नात वरणभातात चमचा फिरवत होती. तिने मान वर न करता जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. एरवी लेक मला लगेच मराठी करून सांगते. त्या दिवशी सांगितलं नाही. जावयांचा घास हातातच होता.

“काय म्हणाली गं?” मीच विचारलं.

लेकीने पाण्याचा पेला उगाच सरकवला. “विचारतेय, शाळेने मला नाही घेतलं तर घर परत द्यावं लागेल का?”

मग जावई उठले, नातीच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसले आणि तिचे कान आपल्या दोन्ही हातांनी झाकून धरले. लहान असताना ती विमानात रडायची तेव्हा धरायचे तसे. दुसऱ्या दिवशी दलाल बाईला फोन त्यांनीच केला. माफीही स्वतःच मागितली.

आता डोनाऊ नदीच्या पलीकडे एक घर बघितलंय. रेआलशूलेला बस जाते. नात धावत वर गेली आणि उतरत्या छपराची खोली आपली म्हणून बसली. जावई खाली जिन्याशी उभे. म्हणाले, “आई, हा जिना तुम्हाला जमेल ना?” इतक्या घरांत हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. चेहरा मात्र किती थकलेला दिसत होता गं.

शाळेचं नाव ते आता मुलीसमोर काढत नाहीत. ती आंघोळीला गेली की हळूच स्वयंपाकघरात येतात, माझ्याजवळ उभे राहतात. “आई, रेआलशूलेतूनही पुढे जाता येतं ना?” हे सगळे नियम मला त्यांनीच शिकवलेले. मला त्यांच्यापेक्षा जास्त काय कळणार? पण मी कणीक मळता मळता म्हणते, “येतं हो. का नाही येणार?” मग ते मान हलवतात आणि उगाच एक शेंगदाणा तोंडात टाकून जातात.

तू ये लवकर. सह्या करायच्या आधी ये आणि पोरीला घेऊन ये. शनिवारची गाडी पकड, स्टेशनवर घ्यायला जावई येतील.