कडकभाऊच्या हातावरची इस्त्री

आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला म्हणजे कडकभाऊ. आईबापांनी नाव दुसरंच ठेवलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. त्यानं इस्त्री केलेली कॉलर घातली की माणसाची मान दिवसभर खाली जात नाही, म्हणून कडकभाऊ. स्वभाव मात्र भिजलेल्या रुमालासारखा.

या गृहस्थाच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, जन्मापासून एक तपकिरी डाग आहे. डाग कुणाला नसतो? पण विधात्याला लहर काय आली पाहा: खाली रुंद, वर निमुळता, कडा रेखीव. हुबेहूब इस्त्रीचा चटका! कुणीतरी इस्त्री टेकवून फोनवर गप्पा मारत बसावं, तसा.

जुन्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. पण शेजारी नव्या इमारती उठल्या आणि नवी माणसं आली. ती गाठोडं पुढे करायची, हात बघायची आणि गाठोडं हळूच मागे घ्यायची. "अरेच्चा, हे धुवायचेच राहिलेत!" एक मास्तरीणबाई तर तोंडावर म्हणाल्या, "स्वतःची कातडी सांभाळता येत नाही, माझं रेशीम काय सांभाळणार?"

"जन्मखूण आहे हो," असं कडकभाऊ सांगायचा. पण इतका खाली बघून सांगायचा, की खरी गोष्टही थाप वाटावी. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या यंत्रवाल्या लाँड्रीनं पाटी लावली: 'येथे कपडे भाजत नाहीत.' झालं! कडकभाऊचं टेबल भर दुपारी ओस पडायला लागलं.

शेवटी त्यानं घरात जाहीर केलं, "डागावर टॅटू काढून घेतो. झाकून टाकतो एकदाचा. नाहीतर दुकानच झाकावं लागेल."

"काही गरज नाही," बायको म्हणाली.

"का?"

"नाही म्हटलं ना!"

कारण विचारलं की ती भांडी आपटायची. मी काही मुद्दाम कान देत नाही, आमची खिडकीच तिकडे उघडते.

मेहुण्यानं मात्र बेत उचलून धरला. हा बहिणीकडे चहाला म्हणून आलेला, तो अजून कप खाली ठेवायचाय. स्वतःला चित्रकार समजतो. "दाजी, मोर काढा. पिसाऱ्यात डाग कुठल्या कुठे जिरेल. पण टॅटू म्हणजे जन्माचं काम. आधी शाईनं नमुना काढून बघू."

शाई दुकानात होतीच. कुठला शर्ट कुणाचा हे कळावं म्हणून कॉलरच्या आत बारीक खूण करतात, ती. "कपडा फाटेल, पण खूण जाणार नाही," हे गिऱ्हाइकाला सांगताना ज्याची छाती फुगते, त्यानंच मुकाट्यानं हात पुढे केला! दोघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

मेहुण्यानं जीव ओतून मोर काढला. मान आखूड झाली, पिसाऱ्याला जागा उरली नाही, आणि डाग नेमका पोटाखालून डोकावत राहिला.

बायकोनं बघितलं. "कोंबडी छान जमलीय."

"मोर आहे, ताई. बसलेला."

"कशावर? अंड्यावर?"

साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. हात लालबुंद, कोंबडी टवटवीत.

दुसऱ्या दिवशी मजा सुरू झाली. डाग बघून लोक गप्प निघून जायचे, पण कोंबडी बघून गप्प कोण राहील? "भाऊ, कोंबडी का?" असं प्रत्येकजण विचारी, आणि चिडलेला कडकभाऊ जन्मापासून शाईपर्यंत सगळं पुराण मान वर करून सांगे. स्वतःची एवढी फजिती कुणी खोटी सांगतं का? लोकांना पटलं. मास्तरीणबाई हसता हसता चष्मा पुसायला लागल्या आणि जाताना रेशमी कपडे टेबलावर ठेवून गेल्या.

हळूहळू शाई पुसट झाली. मेहुणा म्हणाला, "दाजी, आता खरा टॅटू काढूच. कोंबडीचाच! तिच्यामुळे धंदा वाढला." कडकभाऊही विरघळला. कोंबडीबरोबर गिऱ्हाईक उडून जाईल, ही नवी धास्ती.

तेव्हा बायकोनं पातेलं खाली ठेवलं, न आपटता.

"आपण पहिल्यांदा भेटलो, तेव्हा चहाचा कप घेताना तुमची बाही वर गेली. मला वाटलं, चटका आहे. म्हटलं, एवढं भाजूनही कुरकुर न करणारा माणूस दिसतोय. म्हणून हो म्हटलं."

कडकभाऊ बघतच राहिला. "म्हणजे... फसलीस?"

"साफ फसले. साधी मुंगी चावली तरी घर डोक्यावर घेता. आता तो डागही झाकलात, तर मी कशाकडे बघून दिवस काढू?"

टॅटू रद्द झाला. कडकभाऊ हल्ली बाही मुद्दाम कोपरापर्यंत दुमडून इस्त्री करतो. मेहुण्याची हौस भागावी म्हणून त्याला दुकानाची पाटी रंगवायला दिली. त्यानं पुन्हा मोरच काढला.

नवख्याला पत्ता सांगताना आम्ही म्हणतो, कोंबडीच्या पाटीपाशी थांबा.