न सापडलेला पट्टा

माझ्या दादाला सगळा बाजार ‘दाभण’ म्हणायचा. पोलीस ठाण्यासमोर त्याचं चामड्याचं दुकान. बूट, पट्टे, पाकिटं शिवायचा, आणि गिऱ्हाइकाला टोचून बोलल्याशिवाय टाका घालायचा नाही. “साहेब, पट्टा आखडला नाही, तुमचं पोट सुटलंय,” हे त्यानं ठाण्याच्या मोठ्या साहेबालाच ऐकवलं होतं. त्या पट्ट्याचं बक्कल तुटलं तेव्हा कोपऱ्याला पितळेचा तुकडा ठोकून दिला तोही दादानंच.

माझ्या पोराला गाडीचोरीच्या संशयावरून उचललं आणि सकाळी त्याचं मढं हातात दिलं. चोर दुसराच निघाला, पण ते नंतर. अंघोळ घालताना दादानं त्याची पाठ पाहिली. कातडी सोललेली, बरगडी आत गेलेली, आणि जागोजाग बक्कलाचा ठसा, पितळेच्या तुकड्यासकट. दादानं त्या ठशावर बोट ठेवलं. “अगं, हे माझ्या हातचं काम आहे गं,” म्हणाला.

चौकशी झाली म्हणे! करणारे कोण, तर साहेबाच्याच खात्यातले. पोरगा जिन्यावरून पडला. पट्टा? कुठला पट्टा? सापडला नाही. पाठीचे फोटो घेऊन आम्ही दारोदार फिरलो. साहेबाची नुसती बदली झाली, आणि तीन वर्षांनी बढती घेऊन मेला परत इथंच आला.

आल्या आल्या त्याचा सत्कार ठरला. त्यासाठी स्वतः दुकानात आला आणि पट्टा सोडून दादापुढे टाकला. मी तिथंच दोऱ्याला मेण लावत बसले होते. बक्कलावर पितळेचा तुकडा तसाच होता.

“शिलाई उसवलीय, घाल चार टाके,” साहेब म्हणाला. “आणि झालं गेलं विसर. पायातली वहाण पायातच बरी.”

दादानं टाके घातले, अगदी नीट. मग उठला आणि बक्कल साहेबाच्या तोंडावर हाणलं. गाल फाटला, दात उडाले. “सापडत नव्हता ना पट्टा? घे, सापडला!” प्रत्येक फटक्याला हेच. साहेब रांगत टेबलाखाली शिरला. खोटं कशाला बोलू, माझा जीव थंडावला.

शिपाई धावत आले. दादाला फरफटत ठाण्यात नेलं, लाथांनी जबडा मोडला, दाभण धरायची बोटं दाराच्या फटीत घालून चिरडली. त्याची तक्रार कुणी लिहून घेतली नाही. साहेबाच्या गालाचे मात्र तासाभरात फोटो निघाले, साक्षीदार उभे राहिले, पट्ट्याला लाखेचं सील लागलं. गुन्हा काय, तर खुनाचा प्रयत्न! शेजारी म्हणाले, हात दाखवून अवलक्षण.

कोर्टात दादा चिंध्या गुंडाळलेले हात घेऊन उभा होता. त्याला बोलता येईना. समोर टेबलावर तो पट्टा. मी उठले, पोराच्या पाठीचा फोटो बक्कलाशेजारी ठेवायला गेले, तर एका शिपायानं माझं मनगट पिरगाळलं.

“ए बाई, हात लावू नको. पुरावा आहे तो!”

“मुडद्या, तीन वर्षं मी दुसरं काय सांगत होते?”