एक जूनला जन्मलेली माणसं

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्याकडे कागद आला की तो कुणाकडून तरी वाचून घ्यायचा आणि वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, अशी रीत होती. मी कॉलेजात गेलो म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं, एवढंच. पण वाचता येणं वेगळं आणि चार लोकांनी वाचावं असं लिहिणं वेगळं, हे मला कळतं. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. एका गोष्टीची मात्र माफी मागणार नाही. काही माणसांबद्दल माझ्या मनात तुच्छता आहे आणि ती इथे जागोजागी दिसेल. ती झाकून लिहून पाहिलं, तर मग लिहिण्यासारखं काही उरेना.

मी यवतमाळला बी.एस्सी. कम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रकल्पासाठी आमच्या सरांनी मला बाहेरगावाहून आलेल्या एका कंपनीत चिकटवून दिलं. कंपनीचं काम असं होतं, की तालुक्याच्या रुग्णालयातल्या कम्प्युटरमध्ये पेशंटची जी माहिती भरली जाते ती जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतल्या कम्प्युटरला कळावी, आणि तिथले रिपोर्ट परत इकडे यावेत. दोन्ही ठिकाणचे प्रोग्रॅम वेगवेगळ्या लोकांनी बनवलेले होते. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. मध्ये एक्सएमएल वापरायचं ठरलं होतं.

आमच्याकडे लग्नात भांडं देताना त्यावर नाव घालून देतात. कुणी दिलं, कुणाला दिलं. भांडं पुढे कुठल्याही घरी गेलं तरी ते कुणाचं, हे वाचता येतं. एक्सएमएल मला तसं वाटलं. रक्तगट पाठवायचा तर आधी रक्तगट असं लिहिलेली खूण, मग रक्तगट, मग तीच खूण तिरपी रेघ मारून. कोणत्या खुणा वापरायच्या, कोणती कशाच्या पोटात ठेवायची, याची एक मोठी नियमावली होती. ती इंग्रजीत होती. मी ती डिक्शनरी घेऊन वाचली. हळूहळू वाचली, पण सगळी वाचली. मला ती फार आवडली, हे सांगायला लाज वाटत नाही. कुठल्या तरी देशात माणसं बसली आणि दुखणाऱ्या माणसाची माहिती वाटेत सांडू नये म्हणून त्यांनी इतका विचार केला, याचं मला अप्रूप वाटलं.

कंपनीतल्या कुणी ती वाचलेली नव्हती. हे मी अंदाजानं म्हणत नाही. नियमावलीच्या शेवटी एक नमुना दिलेला होता, तो त्यांनी उचलून जसाच्या तसा वापरला होता. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक पेशंटच्या फाईलमध्ये रुग्णालयाचा पत्ता म्हणून परदेशातल्या एका रस्त्याचं नाव जात होतं. झरी जामणीच्या जंगलातून ताप अंगावर काढत आलेल्या बाईचा दवाखाना सातासमुद्रापलीकडे. मी कंपनीच्या मोठ्या साहेबांना हे दाखवलं तर ते म्हणाले, तो भाग कुणी बघत नाही. फाईल पास होते ना?

पास होत होती. फाईल नियमात बसते का हे कम्प्युटर तपासायचा आणि बसली की हिरवी खूण द्यायचा. काही लोक पत्रिकेतले गुण जुळले की संसार झालाच असं समजतात, तशी साहेबांना ती हिरवी खूण. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, म्हणूनही असेल, मला तिच्यावर तेवढा विश्वास बसला नाही.

त्याच दिवसांत आमच्या घरी सगळे एका रिपोर्टची वाट बघत होते. ताईचं लग्न जमत आलं होतं. मुलगा घाटंजीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, आणि दोघं एकमेकांना पसंत होते. किती पसंत, हे ताईनं कधी सांगितलं नाही, पण तिच्या तोंडावरून कळायचं. अडत होतं ते सिकलसेलवर. आमच्या भागात हा रक्ताचा आजार घराघरांत आहे. मुलगा स्वतः वाहक होता, म्हणजे आजार त्याला नाही पण त्याच्या रक्तातून पुढे जाऊ शकतो. मुलगीही वाहक निघाली तर पोरं आजारी निघायची भीती. त्याच्या आईनं एक लेकरू या आजारात गमावलं होतं. तिनं एवढंच सांगितलं, की पोरीचा रिपोर्ट चांगला आला की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरकू, पण रिपोर्ट आल्याशिवाय नाही. त्या बाईला मी कधी दोष दिला नाही, आजही देत नाही.

ताईची पहिली चाचणी तालुक्याला झाली. त्यात संशय आला. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या की ही चाचणी कधी कधी उगाच संशय घेते, खरं काय ते जिल्ह्याच्या मोठ्या मशिनीवर कळेल. रक्त जिल्ह्याला गेलं. पूर्वी असे रिपोर्ट कागदावर यायचे. औषधांच्या खोक्यांसोबत यायचे, उशिरा यायचे, चुरगळून यायचे, पण यायचे. आता कम्प्युटरवरून येणार म्हणून ते कागद बंद झाले होते.

मी घरी गेलो की ताई चिडवायची. "तुह्या कम्प्युटरले सांग न, बहीण वाट पाहून राह्यली म्हणून. का त्यालेबी चहापाणी लागते?"

मी म्हणायचो, "येते वं. तुह्या आधी मलेच दिसन."

"मंग चांगला दिसला तरच सांगजो," ती म्हणायची.

उद्घाटनाचा दिवस आला. जिल्ह्याचे अधिकारी आले, कम्प्युटरला हार घातला, टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला आणि कीबोर्डवर पाणी उडालं म्हणून एकानं रुमालानं पुसून घेतलं. साहेबांनी एक पेशंट बनवून आणला होता. त्याला नाव, आडनाव, ऐटबाज जन्मतारीख, सगळं होतं. फक्त तो पेशंट कुठे नव्हता. त्याचा रिपोर्ट क्षणात इकडून तिकडे गेला, हिरवी खूण आली, टाळ्या पडल्या. भाषणात कुणीतरी म्हणालं की आता यवतमाळचा कास्तकार जगाशी जोडला गेला. बाहेर व्हरांड्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेली माणसं खाली सतरंजीवर पडलेली होती. त्यांच्यासाठी खाटा मिळेनात. त्यांना ओलांडून पाहुण्यांची बुटं आत आली होती.

मी मागे उभा होतो. प्रश्न विचारा असं म्हणाले तेव्हा हात वर केला. एक गोष्ट मला सलत होती. पेशंट कोण हे प्रोग्रॅम नाव, आडनाव, स्त्री की पुरुष आणि जन्मतारीख यांवरून ओळखत होता. नियमावलीत गाव, आईचं नाव, दवाखान्याचा नंबर, सगळ्याला जागा होती. यांनी त्या जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. मी चाचरत म्हणालो, "सर, इकडे बहुतेकांची जन्मतारीख एक जून आहे. दोन माणसं एक होऊन जातील."

साहेब हसले. "म्हणजे अख्खं गाव एकाच दिवशी जन्मलं? केक केवढा लागत असेल!"

सगळे हसले. परगावचे हसले त्याचं मला काही नाही. पण जिल्ह्याच्या ऑफिसातले लोकही हसले. जन्माची नोंद नसलेलं पोर शाळेत आणलं की गुरुजी वय अंदाजानं धरतात आणि तारीख एक जून टाकतात, हे त्यांना माहीत नव्हतं? त्यांच्याच ऑफिसात दरवर्षी मे महिना संपला की रांगेनं निरोपसमारंभ होतात. हार कमी पडतात. ते सगळे एक जूनचेच. माझी एक जून, ताईची एक जून, बाबांचीही एक जून. हसणाऱ्यांमध्ये एक पिकल्या केसांचे बाबू होते. त्यांचा निरोपसमारंभ येत्या मेअखेरीला ठरलेला होता. ते सगळ्यात मोठ्यानं हसले. मोठ्या साहेबाच्या विनोदाला हसताना माणूस आपली जन्मतारीख विसरतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

ताईचा रिपोर्ट काही येईना. मी प्रयोगशाळेत विचारलं. ते म्हणाले, पाठवला, हिरवी खूण आहे. रुग्णालयात विचारलं. ते म्हणाले, ताईच्या फाईलमध्ये काही आलेलं नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले की दोन्हीकडे हिरवं आहे म्हणजे सिस्टीममध्ये चूक नाही, पेशंटनं चौकशी करावी. पेशंटचा भाऊच चौकशी करतोय हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, असं पर्सनल घेऊ नकोस."

मग मी त्या फाईली एकेक उघडून बसलो. घाटंजीकडच्या एका गावात ताईच्याच नावाची, आमच्याच आडनावाची एक बाई होती. जन्मतारीख एक जून. दोघींचं रक्त एकाच सुमाराला जिल्ह्याला गेलं होतं. दोघींचे रिपोर्ट आले आणि प्रोग्रॅमनं दोघींची एकच बाई केली. नंतरचा रिपोर्ट आधीच्यावर बसला, आधीचा पुसला गेला. त्या बाईच्या फाईलमध्ये एकच निकाल उरला होता. वाहक. तो कुणाचा, हे सांगता येत नव्हतं. प्रयोगशाळेच्या टोकालाही कंपनीचा तोच जोडणारा प्रोग्रॅम, तिथेही दोघींची एकच झालेली, आणि रक्त कधीच फेकून दिलेलं.

साहेबांना दाखवलं. या वेळी ते हसले नाहीत, वैतागले. म्हणाले, हा तुमच्या लोकांच्या नोंदींचा प्रश्न आहे, आमच्या स्टँडर्डचा नाही. त्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे त्या नियमावलीत, याच गोष्टीसाठी जागा आहे, असं मी म्हणालो आणि पान उघडून समोर ठेवलं. त्यांनी पान वाचलं नाही. माझ्या सरांना फोन केला, की मुलगा हुशार आहे पण जरा अति करतो. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. ज्यानं आपल्याच धंद्याचं पुस्तक उघडलं नाही आणि ज्याला लोक सर म्हणतात, अशा माणसाबद्दल जे वाटतं ते मला वाटतं.

नर्सबाईंना मात्र सगळं पटलं. त्यांनी घाटंजीकडच्या त्या बाईला निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि ताईलाही पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. वेचणीचे दिवस होते. त्या साली बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती, तरी उरलीसुरली वेचावी लागत होती. ताई एक दिवस मजुरी बुडवून आली. सुई टोचताना मला म्हणाली, "या डावा कागदावर लिहून दे म्हणा बाप्पा. माह्या हातात दे म्हणा."

प्रयोगशाळेतल्या माणसाला मी तसंच सांगितलं. त्यानं हाताने लिहून देतो म्हणून कबूल केलं, पण मशीन बंद पडलं होतं, दुरुस्तीला माणूस नागपूरहून यायचा होता.

इकडे घाटंजीहून निरोप येत राहिले. कापूस कमी म्हणून जिनिंग लवकर बंद होणार होती. मुलगा कामासाठी आदिलाबादकडे जाणार होता आणि त्याच्या आईला त्याआधी लग्न उरकायचं होतं. बाबा प्रत्येक वेळी सांगायचे, येऊन राह्यला रिपोर्ट, पोरगा त्याच कामात आहे. माझ्यावर भरवसा ठेवून सांगायचे.

कंपनीनं दरम्यान मला प्रमाणपत्र दिलं. मी लेखी दिलेल्या तक्रारीचंही उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की तक्रार तपासली, दोन्हीकडे फाईल पास आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे. खाली साहेबांची सही होती.

त्यानंतर कॉलेजची परीक्षा सुरू झाली. एक पेपर देऊन बाहेर पडलो तेव्हा शेजारच्यांच्या फोनवरून ताईचा फोन आला. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. पेपर कसा गेला ते तिनं आधी विचारलं. मग म्हणाली, "कागद आला रे. नर्सबाईनं वाचून दाखवला. मले काहीच नाही. वाहकबी नाही."

मी म्हणालो, "मंग बाबाले सांग, आजच घाटंजीले कळवा म्हणा."

फोनमध्ये मागून कुणाच्या तरी कोंबड्या ऐकू येत होत्या.

"कळवू नको म्हटलं मी बाबाले," ती म्हणाली. "काल त्यायच्या दारी लग्नाचा मांडव टाकला. पुसदची हाये नवरी."