टायरला आलेला फुगा

निलंग्याच्या शाळेत मी शिकवते. लातूरहून माझ्या गाडीतून आम्ही तिघी शिक्षिका रोज जात असू. एप्रिलमधल्या एका सोमवारी हवा भरताना पंक्चरवाल्या चाचांनी पुढच्या टायरवर बोट ठेवलं. टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला होता.

"मॅडम, हा कधीबी फुटंल. आजच बदला."

शाळेत परीक्षा चालू होत्या. रविवारी बदलू, असं मी ठरवलं आणि सोबतच्या दोघींना काहीच सांगितलं नाही. खड्डा दिसला की मी गाडी अगदी हळू करायचे. मागे बसणाऱ्या मैत्रिणीला सातवा महिना होता. "ताई, आजकाल लई हळू चालवायलात," ती हसून म्हणायची.

शुक्रवारी दुपारी परतताना टायर फुटला. स्टिअरिंग एकीकडे ओढलं गेलं, गाडी रस्ता सोडून मुरमात उतरली आणि बाभळीपासून हातभर अंतरावर थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मागे बसलेली मैत्रीण पोट दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"असा अचानक कसा फुटला?" तिनं विचारलं.

"अचानक नाही," मी म्हणाले. "मला सोमवारपासून माहीत होतं."

खाली उतरून तिनं मागून येणाऱ्या लातूरच्या एसटीला हात केला. दुसरीही तिच्यासोबत गेली.

पुढं तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. बारशाला गेले तेव्हा तिनं मला आग्रहानं जेवू घातलं. रजा संपवून ती शाळेत परत आली, पण एसटीनं. मी अजून विचारलेलं नाही, येतेस का म्हणून.