चव नोंदवहीतली सही

शाळेतला पोषण आहार मुलांच्या आधी शिक्षकानं चाखायचा आणि चव नोंदवहीत ‘चव चांगली’ असं लिहून सही करायची, असा नियम आहे. आमच्या शाळेत सही आधी व्हायची आणि भात नंतर शिजायचा. मंद्रूपच्या पलीकडच्या एका गावात मी शिक्षणसेवक म्हणून नुकतीच लागले होते. तीन वर्षं नीट काढली की कायम, आणि नीट म्हणजे काय ते मुख्याध्यापक ठरवणार. माणूस वाईट नव्हता. मला खोली त्यांनीच शोधून दिली, घरून कडक भाकरी पाठवायचे. अशा माणसाला नाही म्हणायला जास्त जड जातं.

त्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. मी नवी, त्यामुळे हौसेनं खरंच भात चाखला. फवारणीच्या औषधासारखा उग्र वास आला आणि जिभेचा शेंडा बधिर झाला. स्वयंपाक करणाऱ्या मावशी खाली बघत हळूच म्हणाल्या की तेलाच्या डब्याला सकाळपासूनच वास येतोय, सरांना सांगितलंय.

वही घेऊन मी ऑफिसात गेले. दोन जुन्या शिक्षकांच्या सह्या कधीच झाल्या होत्या, चमचा कुणी उचलला नव्हता. मी वासाचं सांगितलं. एक जण खिडकीबाहेर बघत राहिले, दुसऱ्यांनी नव्या लोकांच्या नाजूक नाकाची थट्टा केली. मुख्याध्यापक रागावले असते तर मी भांडले असते, तापट आहेच मी. पण त्यांनी शांतपणे पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

“सही करा मॅडम. जबाबदारी माझी हाय की.”

मी सही केली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी हलकंच वाटलं.

व्हरांड्यात पंगत बसली. तिसरीतल्या एका मुलीनं घास नाकाशी नेला आणि परत ताटात ठेवून माझ्याकडे बघितलं. तिच्या शेजारच्या पोरांचे हातही थांबले. फाटकात साहेबांची जीप शिरत होती, माझ्या मागं मुख्याध्यापक उभे होते.

“गुपचूप खा,” मी म्हणाले.

ती खाऊ लागली. तिचं बघून बाकीचेही खाऊ लागले.

पुढचा तासभर मी फळ्यावर पाढे लिहीत होते आणि दर ओळीला मागं वळून बघत होते. कोण जांभई देतंय, कोण बाकावर डोकं टेकतंय. मुलं मात्र हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसलेली. मीच शिकवलं होतं तसं. ती मुलगी पोट धरून उठली आणि दारापाशी भडभडा ओकली. मग आणखी दोघं.

साहेबांच्याच जीपमधून तिघांना सोलापूरला नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, अंग गार पडलं होतं. मी देवाचा धावा करत होते, आणि मधेच मला वहीतली सही आठवत होती. याची मला आजही लाज वाटते. दवाखान्याच्या बाकावर मुख्याध्यापक साहेबांना सांगत होते की चव मॅडमनी घेतली होती, वहीत आहे. एका शब्दानंही ते खोटं बोलत नव्हते.

दोघं संध्याकाळी घरी गेले. तिला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा धोका टळला होता. बाई आल्यात, असं आईनं सांगताच ती सलाइनच्या नळीसकट उठून बसायला धडपडू लागली. मी तिला निजवलं आणि विचारलं, वास येत होता तर खाल्लंस का?

“तुमी खा म्हणला की, बाई,” ती म्हणाली. मग आईच्या पदराआड सरकत, अगदी हळू आवाजात म्हणाली, “पर समदं न्हाय संपलं माझ्यानं. मारू नका.”